गुरुवारची चाळीस मिनिटं

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या, पण यातलं अक्षरही रचलेलं नाही.

जागा ताथवडे, एका इंजिनिअरिंग कॉलेजचं तळघर. वार गुरुवार, भर दुपारी सव्वाबारा.

गुरुवारच का? त्या दिवशी एमआयडीसीला सुट्टी. कारखाने बंद, म्हणजे जमिनीला हादरे नाहीत.

ऋचाच्या पीएचडीचं हे शेवटचं मोजमाप. सोमवारी प्रबंध दिला नाही, तर पाच वर्षं पाण्यात.

प्रयोग सांगायला सोपा. लेझरचा एक किरण उत्तरेला, एक पूर्वेला पाठवायचा आणि दोन्ही परत आणून मिसळायचे. लाल-काळ्या पट्ट्या उमटतात. प्रकाशाचा वेग सगळ्या दिशांना सारखाच, त्यामुळे टेबल कसंही फिरवा, पट्ट्या हलता कामा नयेत. पण यंत्र इतकं नाजूक की शेजारच्या माणसाच्या उबेनंही त्या सरकतात. म्हणून खोलीला कुलूप, आणि ऋचा बाहेर कॉम्प्युटरपाशी.

पट्टी सरकली...

परत आली...

पुन्हा सरकली.

ऋचाने मोजलं. मिनिटाला सोळा वेळा. कुणीतरी श्वास घेत होतं.

"साहेबराव, आत कुणी आहे?"

"न्हाई मॅडम. मीच बघून कुलूप घातलंय," लॅबचे शिपाई म्हणाले.

दार उघडलं. खोली रिकामी.

पुन्हा बंद केलं. पट्टी हलतच होती. सोळा... अकरा... सहा...

एकला पाच कमी असताना थांबली.

साहेबराव दारापासून मागे सरले. "हिंदुराव हितंच गेला, मॅडम. गेल्या साली. गुरुवारीच."

हिंदुराव म्हणजे त्यांच्या आधीचा शिपाई. शुक्रवारी सकाळी या खोलीत सापडला होता. आदल्या दुपारी कुलूप ऋचानेच घातलं होतं. दारातूनच हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणजे आत कुणी नाही असं धरून.

तिने त्या दिवसाची फाइल उघडली. त्यातली चाळीस मिनिटं तिने 'उष्णतेची चूक' म्हणून गाळली होती. मूळ आकडे काढले.

सोळा... अकरा... सहा...

ऋचा तिथेच रडली. मग आजचीही चाळीस मिनिटं गाळली. प्रबंध सोमवारी गेला.

आत कोण होतं, कुणालाच सांगता येत नाही. साहेबराव आता गुरुवारी तळघरात उतरत नाहीत.

पदवी मिळाल्यावर ऋचाने कॉलेजात पेढे वाटले. कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या शालनबाईलाही दिला. ती हिंदुरावची बायको.

"आमचं मालक झटक्यात गेलं, आसं डाक्टर म्हनालं," पेढा हातात धरून ती म्हणाली. "हाल न्हाई झालं. येवढंच बरं, व्हय ना मॅडम?"

ऋचा "हो" म्हणाली.