कार्ड बंद करू नकोस, मामा

"चोर बेकरीत चंगळ करतोय आणि पैसे माझ्या खात्यातून जातायत," मामा फोनकडे बघत करवादला. "बंदच करतो हे कार्ड."

दहा वर्षांच्या हेईचं प्रवासाचं कार्ड सकाळपासून सापडत नव्हतं. त्यातले पैसे संपत आले की मामाच्या बँकखात्यातून आपोआप भरले जायचे. हेईने बसमध्ये, दुकानात, कुठेही ते यंत्राला टेकवलं की मामाच्या फोनवर सूचना यायची. आता हेई तर समोर बसला होता आणि सूचना येतच होत्या. आधी बस, मग बेकरी.

हेईची बहीण यीलाम दाराजवळच्या खुंटीशी गेली. घरातल्यांची कार्डं तिथंच टांगलेली असायची.

"मामा, आजोबांचं कार्ड इथंच आहे. ते हेईचं घेऊन गेलेत."

"काहीतरीच. आजोबा खाली बागेत पत्ते खेळतायत."

"या वाऱ्यात?"

मामाने सकाळपासून खाली डोकावलंही नव्हतं. यीलाम, हेई आणि शेजारचा चाकमान लिफ्टने खाली धावले. बाक रिकामे होते. आजोबा हल्ली ओळखीचे रस्तेही विसरायचे आणि त्यांचा फोन घरीच होता. तुफानाचा तीन नंबरचा इशारा लागला होता. चार वाजता त्याहून मोठा, आठ नंबरचा लागला की बोटी बंद!

ते वर आले तेव्हा नवी सूचना आली होती. फेरीबोट, सात डॉलर चाळीस.

"धक्क्यावरून ढीगभर बेटांच्या बोटी सुटतात," मामा गडबडून गेला. "मी पोलिसांना कळवतो. आधी कार्ड बंद करू दे, नाहीतर कुणीतरी लुबाडेल त्यांना."

"मग ते कुठे आहेत हे कोण सांगणार?" यीलामने फोनच काढून घेतला. पुढे काय बोलणी खावी लागतील याचा तिने विचारही केला नाही.

चाकमान पुटपुटत होता. "म्हाताऱ्यांना कुठल्याही बेटाला दोनच डॉलर. पण हे लहान मुलाचं कार्ड, म्हणजे अर्धं तिकीट लागलं. सात चाळीस... अरे, चेऊंग चाऊ बेट! आत्याकडे जाताना मी तेवढेच देतो."

आत्याला लगेच फोन गेला, आजोबांचा फोटोही गेला. ती तिथल्या धक्क्यावरच मासळीचे गोळे विकायची. तासाभराने चाकमानच्या फोनवर तिचा आवाज आला. "बोट लागली रे, पण घाईत सगळे छत्र्या उघडून पळाले. मला नाही दिसले."

 तेवढ्यात मामाचा फोन वाजला. फळांचं दुकान, दोन संत्री. चाकमानने दुकानाचं नाव वाचून दाखवलं.

"ते तर कबरस्तानाच्या चढावर आहे," आत्या म्हणाली. "थांबा, सायकल काढते."

वीस मिनिटं गेली. खिडक्या थडथडत होत्या. शेवटी फोन आला.

"सापडले. एका कबरीपाशी बसले होते. भिजलेत, पण ठीक आहेत. आज माझ्याकडेच ठेवते. पोरांनो, कमाल केलीत! अंधारात त्या चढावर काय झालं असतं कोण जाणे."

मामाने यीलामच्या डोक्यावर हात ठेवला. "तू अडवलं नसतंस तर मी ते बंदच केलं असतं गं." मग तो फोनवर ओरडला, "बाबा, अशा वाऱ्यात कशाला गेलात?"

"तुझ्या आईला तुफानाची भीती वाटते," आजोबा शांतपणे म्हणाले. "तिच्यावर छत्री धरून बसलो होतो."

 मामाने फोन यीलामकडे दिला.