ओपलच्या ट्रेलरची मागची भिंत

हे खरं आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, मला राग येणार नाही. माझ्या मावसबहिणीच्या, रेटाच्या बाबतीत हे घडलंय, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही. थापा मी मारते.

आणि रात्रबित्र काही नव्हती.

भर दुपार होती. जूनचा शेवट, अ‍ॅरिझोनाचं वाळवंट, आणि सावली म्हणाल तर फक्त गाडीच्या आडोशाला.

रेटा आणि तिचे वडील लायल मोटरहोममध्ये राहायचे. घर तेच, गाडी तीच. हिवाळ्यात त्या माळावर अशा गाड्यांची जत्रा असते. शेकोट्या, पत्ते, गिटार. मे लागला की ज्याला जमेल तो थंड डोंगरांकडे पळतो. त्या वर्षी मागे दोनच उरल्या. लायलचं मोटरहोम, आणि हाकेच्या अंतरावर म्हाताऱ्या ओपलचा ट्रेलर, चाकांवरचं ओढून न्यायचं घर.

लायलच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. वाळवंटात उन्हाळा काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रेटाला एवढंच हवं होतं... बापाला जिवंत वर डोंगरात न्यायचं.

"डॅड, निघू या ना."

"ओपल येते म्हणाली की निघू. शेवटच्या माणसाला एकटं टाकून जात नाहीत, पोरी."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर तू पटव. एरवी बडबडीनं माझं डोकं उठवतेस, ती कला तिथे वापर."

उन्हाळ्यात तिथे दुपारी कुणी कुणाचं दार उघडत नाही. आतला गारवा जातो. बाहेरून पत्र्यावर थाप मारायची आणि ओरडून विचारायचं. जनरेटरच्या घरघरीत आतल्याचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो आतून पत्रा वाजवतो.

एक टक म्हणजे हो.

दोन म्हणजे नाही.

रविवारी दुपारी रेटा ट्रेलरच्या मागच्या भिंतीशी गेली. जराशी सावली तिथेच होती. थाप मारली.

"मिस ओपल, आमच्याबरोबर वर येता का? माझा पलंग तुम्हाला. घोरलात तरी चालेल."

बराच वेळ काहीच नाही...

टक.

टक.

"नाही म्हणते," रेटानं येऊन सांगितलं.

"हट्टी खेचर आहे," लायल म्हणाला. "उद्या परत विचार."

सोमवारी पुन्हा विचारलं. ओपल हमिंगबर्डसाठी दारापाशी साखरपाण्याची बाटली टांगायची. बाटली रिकामी होती. पाखरू एकही नव्हतं.

टक... टक.

मंगळवारी रेटा जवळजवळ रडकुंडीला आली. "मिस ओपल, डॅडला त्रास होतोय. तुम्ही हलल्याशिवाय तो हलणार नाही. माझ्यासाठी तरी हो म्हणा."

आत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं...

टक. टक.

"मी दार उघडून बघू का?" तिनं बापाला विचारलं.

"उघड, आणि मग तिच्या शिव्या खा. उत्तर देतेय ना? मग जिवंत आहे."

रोज सकाळी लायल स्वतः पेट्रोलचा कॅन उचलून न्यायचा आणि ओपलच्या जनरेटरमध्ये ओतायचा. म्हातारीला एसी नको बंद पडायला. बुधवारी त्याला मध्येच दोनदा बसावं लागलं.

गुरुवारी उशीर झाला. ऊन डोक्यावर आलेलं.

लायल कॅनसकट कोसळला.

रेटानं त्याला ओढत गाडीच्या सावलीत आणलं, अंगावर पाणी ओतलं. मोबाइलला तिथे रेंज नसायची. मदत मागायला रेडिओ होता तो ओपलकडे. ती पळाली. या वेळी थाप मारली नाही. दार खेचलं.

आतून भट्टीसारखा झोत आला. आणि वास.

जनरेटर घरघरत होता. एसी कधीचाच बंद पडला होता.

ओपल दाराशेजारच्या खुर्चीत बसली होती. डोक्यावर उन्हाची टोपी, पायांशी भरलेली बॅग. बॅगेवर नीट घडी घातलेला लोकरीचा कोट. डोंगरात लागतो तसला.

रेटानं तिच्याकडे न बघता रेडिओ उचलला. बोलली. मदत आली, पण वाळवंटात मदत यायला वेळ लागतो. लायल वाटेतच गेला.

शेरिफचा माणूस म्हणाला, "म्हातारी शनिवारीच गेलेली दिसते."

"नाही," रेटा म्हणाली. "मी रोज बोलत होते तिच्याशी. मागच्या भिंतीतून."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन आला. मागच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत खोकी रचलेली होती. गच्च. धूळ जशीच्या तशी. मांजरसुद्धा मागे शिरलं नसतं.

"पत्रा तापला की वाजतो," तो म्हणाला.

ओपलचा मुलगा बॅग न्यायला आला. मोठ्या गाडीतून, आईला भेटायला कधी न आलेला. म्हणाला, "शनिवारी फोन होता तिचा, रेंज मिळवायला टेकडीवर चढून केलेला. लायल न्यायला तयार आहे, मी जातेय, म्हणाली. मग तुम्ही थांबलात कशाला?"



रेटा आता वर डोंगरात, फ्लॅगस्टाफला आमच्याकडे असते, माझ्याच खोलीत. शेरिफच्या माणसाचंच खरं, असं मीही तिला शंभरदा सांगितलं. पत्रा तापतो, वाजतो, तू उगाच उत्तर समजलीस.

परवा झोपताना ती पहिल्यांदाच उलटून बोलली.

"बुधवारी मी विचारलंच नव्हतं गं. हताश होऊन भिंतीशी नुसती उभी होते. विचारावं की नाही, एवढंच मनात आलं..."

"मग?"

"उत्तर आधीच आलं."

एवढं बोलून तिनं दिवा बंद केला.

मी उठून परत लावला.