इंजिन शेडमधली अकरा माणसं

जुन्नरच्या बाजारपेठेत पारसशेटचा फोटो स्टुडिओ आहे. ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले नि लग्नाची कामं सुटली. उरले ते ओळखपत्राचे फोटो आणि गेलेल्या माणसांचे चेहरे. जुन्या फोटोतला चेहरा काढायचा, हार घालण्याजोगा मोठा करायचा. दिवसभर तेच करून पारसचे डोळे शिणले होते.

अशाच एका दुपारी घाटघरच्या साळुबाई आल्या, नातू गोकुळचा हात धरून. वय ब्याऐंशी. पिशवीतून त्यांनी काळापांढरा फोटो काढला. वाफेचं इंजिन, त्यापुढं ओळीनं उभे अकरा कामगार, त्यांच्या पायांपुढं रुळांची खडी. ओळीत शेवटचा बाईंचा बाप, चिमाजी. इंजिनात कोळसा टाकायचा. साळुबाई आईच्या पोटात असताना कामावर गेला, तो परतलाच नाही. प्रेतही आलं नाही. बापाचं तोंड बाईंनी कधी पाहिलं नव्हतं, आणि आता काचबिंदूनं नजर चालली होती.

फोटोत दहा चेहरे कोरल्यासारखे होते. चिमाजीचा तेवढा पुसट. फोटो काढताना तो हलला असावा.

पारसनं फोटो स्कॅन करून पडद्यावर मोठा केला. चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. पुन्हा केला, तरी तेच. पण या वेळी चिमाजीचे गुडघे किंचित वाकलेले दिसले. पारसला वाटलं, आपलेच डोळे दमलेत. त्यानं साळुबाईंना जवळ बसवलं आणि चेहरा निघत नाही म्हणून सांगितलं.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग पडद्यावर बोट टेकवून हळूच म्हणाल्या, "आबा... बसा आता. लई दमलाय तुमी."

खोलीत जळक्या कोळशाचा वास आला. गोकुळनं नाकाला रुमाल लावला. पारसनं फोटो परत स्कॅन केला.

चिमाजी इंजिनाच्या पायरीवर बसला होता. चेहरा लख्ख. कपाळावर घाम, हनुवटीला खळी. साळुबाईंनी स्वतःची हनुवटी चाचपली.

"माज्यासारकंच हाय की तोंड..."

त्या रडल्या नाहीत. बापाचा घाम पुसावा तसा त्यांनी पडद्यावरून पदर फिरवला. पारसनं चेहरा मोठा करून छापून दिला. तो छातीशी धरून त्या गेल्या. जुना फोटो मात्र नको म्हणाल्या. बाकीची माणसं त्यांच्या ओळखीची नव्हती.

पारस एकटाच उरला. टेबलावर फोटो होता. दहा जण अजून उभेच होते. मघाशी सगळे नाकासमोर बघत होते. आता ते त्याच्याकडे बघत होते.

फोटोवर हात ठेवून तो म्हणाला, "तुम्हीही बसा..."

मग त्यानं हात उचलला.

कुणीच बसलं नव्हतं. मघाशी त्यांच्यापुढं रुळांची खडी दिसत होती, ती आता दिसत नव्हती. दहाही जणांची पावलं फोटोच्या कडेला येऊन टेकली होती.