बुधवाऱ्याच्या बोळात

सातासमुद्रांपलीकडच्या लढाईने कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि अमरावतीच्या परकोटाच्या तटाआतील बोळांत माणसांहून गाड्यांनाच अधिक मान होता. सखीचा निरोप घेऊन परतणाऱ्या सुभद्रेला बुधवारा पेठेत अशाच एका गाडीने भिंतीशी रेटले. ती लगबगीने शेजारच्या ओट्यावर चढली, तो तिथे आधीच एक अनोळखी तरुण अंग चोरून उभा!

“अंबेच्या दरवाजाकडे कोनती वाट जाते वो?”

“तुमी तिच्याकडंच पाठ करून उभे हायेत.”

“आमच्या गावात बुरूज पाहिला का वाट सापडते. इथं हरेक बोळ दुसऱ्या बोळात घुसते!”

“पेंढाऱ्यायले सापडू नाई म्हनून बांधली हाये वस्ती. तुमी पेंढारी त नाई ना?”

“अजून काई लुटलं नाई…”

तिच्या केसांत अडकलेला कापसाचा पुंजका काढायला त्याचा हात उचलला गेला — आणि अर्ध्यावरच थांबला. हात पुढे आला असता तर तिला रागावता आले असते. थांबल्यामुळे तोही आधार गेला. वाट दाखवताना तिने जवळचे वळण सोडून लांबचे का धरले, हे तिचे तिलाच उमगेना.

दरवाजाशी ती थबकली.

“पुन्हा या बोळात येऊ नका.”

“काहून?”

“खुशालरावाची लेक मी. पाळन्यातलं लगन माहं. आज दिवेलागनीले अकोल्याहून मानूस येऊन राहिला मले न्यायले. त्याचं तोंड बी मले आठवत नाई… अन् तुमचं आता विसरता येनार नाई.”

तरुणाचा चेहरा आधी उतरला, मग उजळला, मग गोंधळला.

“मी बी बायकोले न्यायलेच आलो. मुहूर्ताआधी सासरचा उंबरा चढू नाई म्हनून भटकून राहिलो… अन् एका पोरीपायी तिले पार विसरलो.”

“कोनाची लेक ते?”

“खुशालरावाची.”

सुभद्रेचा पदर झर्रकन कपाळावर आला.

“म्हंजे… तुमी मले विसरले!”

“अन् तू मले!”

कोणी कोणाला फसवले, हा गुंता भल्या शास्त्र्यालाही सुटला नसता.

“नवरा रागावला का त्या पोरीचा?” तिने हळूच विचारले.

“लई. पन कोन्या तोंडानं रागवावं, थे समजून नाई राहिलं त्याले.”

पदराआडून आवाज आला —

“मुहूर्ताले अजून लई येळ हाये… थांबता कायले? लांबच्या वळनानं चाला.”