पांढऱ्या बटेची चौकशी

चष्म्यावर पावसाचे थेंब घेऊन तो दुकानात शिरला आणि थेट आरशावर आपटला. वर आरशातल्या माणसाला "माफ करा हं" असंही म्हणाला! काउंटरमागे चष्मेवालीला हसू आवरेना. सगळा बाजार तिला चष्मेवालीच म्हणायचा. तिला स्वतःला मात्र चष्मा नव्हता.

"बसा. आता माझ्याकडे बघा."

"बघतोय की."

"माझ्या डोळ्यांत. वर नाही."

तो गोरामोरा झाला. लोकांच्या बुबुळांमधलं अंतर मोजण्यात तिचा दिवस जायचा, त्यामुळे कुणाची नजर कुठे जाते हे तिला न मोजताही कळायचं. याची गेली होती तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या बटेवर. ती बट जन्मापासूनची. बाबांना होती, आत्याला होती. लोक बघायचे, त्याची तिला सवय होती. पण लोक बघून नजर चोरायचे, आणि हा... हा चक्क खूश झाल्यासारखा दिसला. तिच्या मनात पाल चुकचुकली.

नवा चष्मा नेला नाही तोच स्क्रू ढिला झाला म्हणून तो परत आला. मग पुन्हा आला. मग पुन्हा.

"आपोआप ढिला होतो?"

"हो... म्हणजे, हवा दमट आहे ना."

"दमट हवेनं लाकूड फुगतं. स्क्रूवर सुरीच्या टोकाचे ओरखडे नाही उमटत."

"तुम्ही पोलिसात का नाही गेलात?"

"इथेच जास्त चोर सापडतात."

तो हसला. हसताना त्याचा डावा गाल आधी हसायचा आणि उजवा मागून येऊन मिळायचा. तिला तो आवडायला लागला होता, आणि तिला राग होता तो याचाच. परक्या माणसावर खुशाल संशय घ्यावा; आवडत्या माणसावर घेणं फार जिवावर येतं. तरी तिनं घेतला.

एका दुपारी ती काच पुसत असताना त्यानं हळूच विचारलं, "तुमच्या घरात... अशी बट आणखी कुणाला आहे?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका. कशाला हवंय?"

मग सगळं बाहेर आलं. तो पलीकडच्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत कामाला होता, आणि त्याचं काम याच बटेवर चाललं होतं.

"किट नावाचा एक जीन असतो," तो सांगू लागला. "त्याच्या हुकमावरून पेशीच्या अंगावर एक प्रथिन बसतं. बाहेरचं टोक निरोप घेतं. आतलं टोक म्हणजे एन्झाइम, ते निरोप आत पोचवतं. बाळ पोटात असताना रंगाच्या पेशी पाठीकडून निघतात, आणि कपाळ पडतं लांब. जीनमध्ये खोट असली की निरोप नीट पोचत नाही, मग त्या तिथवर येतच नाहीत. बाकी काही त्रास नाही. बट तेवढी पांढरी. आणि एकाच घरातली दोन-तीन माणसं मिळाली तर..."

बोलताबोलता त्याचे डोळे चमकत होते. मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो घाईघाईनं निघून गेला.

त्यानंतर तो आलाच नाही.

"मी म्हटलं नव्हतं?" आत्या म्हणाली. "मला बघायला आलेले सगळे बटच बघून गेले. हा तरी वेगळा कशाला असेल? त्याला तू नकोस गं, तुझं रक्त हवंय. तुझं, माझं, तुझ्या बाबाचं. आयतं घबाड!"

"मग येत का नाही?"

"गळ टाकून बसलाय. मासा आपण होऊन येईल म्हणून."

हे तिच्या फार जिव्हारी लागलं. काय तो सोक्षमोक्ष लावायचाच, म्हणून दुसऱ्याच दिवशी ती प्रयोगशाळेत जाऊन थडकली. खुर्चीत बसली, बाही वर केली आणि हात त्याच्यापुढे धरला.

"घ्या. फक्त एक सांगा — इतके दिवस माझ्याशी बोलत होतात, की या बटेशी?"

त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी... मी नाही घेऊ शकत."

"का?"

"आमच्याकडे नियम आहे. आपल्या माणसाचं रक्त आपण घ्यायचं नाही. तपासायचंही नाही."

"आपलं माणूस? कोण?"

त्याचे कान लालबुंद झाले होते.

"मग दुकानात का नाही आलात?"

"आलो असतो, तर रक्तासाठीच आलो असं तुम्हाला वाटलं असतं."

"ते न येताही वाटलं! आणि हे तरी खरं कशावरून?"

तेवढ्यात त्याच्या मोठ्या मॅडम आत आल्या. त्यांनी आधी बट पाहिली, मग त्याचे कान.

"ह्याच का त्या? अहो, हा कधीपासून असं घर शोधत होता. सापडलं, आणि दुसऱ्याच दिवशी मला म्हणतो, या कामातून माझं नाव काढा! का, तर म्हणे जीव गुंतलाय. आता मी नवा माणूस कुठून आणू?" त्या त्याच्याकडे वळल्या. "तू बाहेर हो."

तो टेबलावरचा ट्रे उचलून बाहेर गेला. मॅडमनी दार लोटलं.

"हे बघा, रक्त द्यायलाच हवं असं काही नाही. पण जे ऐकलंत ते त्याचं म्हणणं. तुमचं काय? तुमच्या बाजूनं काहीच नसेल तर स्पष्ट सांगा. नुसतं एकतर्फी खूळ असेल तर मी त्याला दम भरते, आत बोलावते, रक्त तोच घेईल. काम पुन्हा त्याचं."

एका शब्दात त्याचं सगळं काम त्याला परत मिळत होतं. इतके दिवस तिनं त्याची झडती घेतली होती. आता आपलीच झडती चालली आहे हे तिला कळलं, आणि लपवायला जागाच उरली नव्हती. तिला तो हवा होता. फार हवा होता.

"नको," ती म्हणाली. "त्यांना बाहेरच राहू द्या."

दाराबाहेर काहीतरी खळ्ळकन फुटलं.

मॅडमनी सुई उचलली. "परीक्षानळ्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही हलू नका हं."