निळ्या गाडीचे ओरखडे

लुंबिनी जिना उतरली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू तिच्या निळ्या गाडीच्या दारावर भांड्यांची तारेची घासणी फिरवत होता... तेही गाणं गुणगुणत!

"ओ! काय करून राहिलाव?"

तो दचकला. "बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली हो. वाळल्यावर पांढरे डाग पडले. म्हटलं, घासून काढावं—"

"कढई हाय का ती?"

बोअरचं पाणी गाडीवर वाळू द्यायचं नसतं, हे लातुरात शेंबडं पोरही सांगेल. पण हा आनंदराज किनवटचा. इथल्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून आलेला. आणि आज नेमके बाबा येणार होते! बाबांचा, म्हणजे ज्ञानोबांचा, जन्म एसटी चालवण्यात गेलेला. हदगावच्या घरून गाडी देतानाच त्यांनी बजावलं होतं, "एक ओरखडा दिसला, की चावी माझ्या खिशात." चावी गेली की देवणीच्या दवाखान्यात नोकरीला जायला रोज स्टँडवर ताटकळणं आलं.

"मी नीट करून देतो," तो म्हणाला.

"हात लावू नका!"

तिनं दार साबणानं धुतलं, कोरडं केलं आणि एकेका ओरखड्यावरून नख फिरवलं. बहुतेक वरवरचे होते, पॉलिशनं जाणारे. एका जागी मात्र नख अडकलं. तिथं रंगच लावावा लागणार होता. तेवढ्यात हा पठ्ठ्या टूथपेस्ट घेऊन हजर!

"गाडीचे दात घासायचेत का?"

"मोबाईलवर बघितलं..."

तिनं कपाळावर हात मारला आणि रंगाचा नंबर सांगून त्याला दुकानात पिटाळलं. तो पॉलिश, रंगाची बारकी बाटली आणि गरम भजी घेऊन परतला.

"रागात भूक लई लागते म्हणतात."

तिला हसू आलं. तिनं ते भज्याबरोबर गिळून टाकलं.

तो फडक्यानं गोल गोल पॉलिश घासत राहिला आणि ओरखडे खरंच विरत गेले. शेवटी खोल जागेवर रंग लावायला तिनं बाटलीतला ब्रश पुढं केला. त्यानं अलगद तिचं मनगट धरलं. "श्वास रोखा." तिनं रोखला... सोडायचा मात्र विसरली. रंगाचा थेंब जाड पडला, दारावर निळी फुटकुळीच उठली!

"झालं समाधान? कशापायी लागलाव माझ्या गाडीच्या मागं?"

तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही रोज सकाळी घाईघाईत गाडी पुसता अन् निघून जाता. म्हटलं, आधीच पुसून ठेवली तर... दोन शब्द बोलायला थांबाल."

लुंबिनीनं बाटलीचं झाकण उगाच दोनदा फिरवलं. फाटकाशी रिक्षा थांबली आणि बाबा उतरले.

"जयभीम, काका," आनंदराज पुढं झाला.

"जयभीम," म्हणता म्हणता बाबांनी फुटकुळीवर बोट टेकवलं. बोट निळं झालं.

"कुणी केलं?"

"मी!" दोघं एकदमच बोलले.

बाबांनी आळीपाळीनं दोघांकडं पाहिलं. मग हात पुढं केला. "चावी."

लुंबिनीनं चावी दिली. डोळे भरून आले. शेजारी ओशाळून उभ्या असलेल्या त्या येड्याचा तिला भयंकर राग आला. आणि इतका राग आपल्या माणसाशिवाय कुणाचा येत नाही, हेही कळून चुकलं.

"चावी न्या, बाबा," ती म्हणाली. "पण ह्याला काही बोलू नका. मला आवडलाय हा... अन् अजून लई भांडायचंय मला ह्याच्याशी."