बाओबाबचा शिक्का

सव्वाअकराला फोन वाजला तेव्हा सरोजिनीताई पोह्यांना फोडणी घालत होत्या.

"ताई, शिक्का गेला!" पलीकडे स्वप्ना रडकुंडीला आली होती. "पाचच्या आत अर्ज तोक्योत द्यायचाय. लगेच या."

ताईंनी गॅस बंद केला. पुण्याच्या शाळेत वीस वर्षं परीक्षेच्या वर्गात फिरून त्यांनी बाह्यांतल्या चिठ्ठ्या पकडल्या होत्या. नवऱ्याच्या नोकरीमागे तोक्योजवळच्या इचिकावात आल्यापासून ती विद्या गंजत चालली होती. दहा मिनिटांत त्यांची सायकल 'बाओबाब'च्या दारात उभी राहिली.

बाओबाब म्हणजे तांदळाच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. घानाहून आलेली अबेना तिथे आफ्रिकन घरांतल्या मुलांचा शनिवारचा वर्ग चालवायची. शाळेत रंगावरून चिडवली जाणारी मुलं इथे मोठ्याने हसत. स्वप्ना आणि वीणा या दोघी मराठी बायका तिथे मदतीला जात. यंदा, शहाण्णव साली, तोक्योतल्या एका प्रतिष्ठानाने कृष्णवर्णीयांनी स्वतः चालवलेल्या संस्थांसाठी पहिल्यांदाच अनुदान जाहीर केलं होतं. ते मिळालं तर वर्ग राहणार. नाहीतर एप्रिलमध्ये कुलूप.

आणि जपानात अर्जावर सही चालत नाही, लाल शाईतला शिक्का लागतो. बाओबाबचा शिक्का एकच होता, कोरून घेतलेला, प्रतिष्ठानाकडे नोंदवलेला. नवा करायला आठवडा गेला असता.

"शेवटी कोणी वापरला?" ताईंनी कोट काढायच्या आधीच विचारलं.

"मी," स्वप्ना म्हणाली. तिचं बोट लाल होतं. "साडेनऊला. चार पानांवर मारला. पाचवं पान अबेना पुन्हा छापत होती, म्हणून न पुसताच टेबलावर ठेवला."

"मग?"

"पानं तिथेच ठेवून कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानात जोडपत्रांच्या झेरॉक्स काढायला गेले. दहाला परत आले तर शिक्का नाही. तासभर शोधतोय."

अबेनाने इंग्रजीत सांगितलं, "मी आतल्या खोलीत होते. वर्ड प्रोसेसरमध्ये कागद अडकला होता."

"वीणा, तू?"

वीणा नेहमीसारखी नीटनेटकी. कपाळावर चिकटवायची मरून टिकली, भांगाशी कुंकवाचं बोट पुसलेलं, हातात चहाचा ट्रे. "पावणेदहाला आले ताई. तेव्हापासून स्वयंपाकघरात. शिक्का तर मी आज पाहिलासुद्धा नाही."

"काळजी वाटत नाही तुला?"

"काखेत कळसा अन् गावाला वळसा, असंच असणार. साडेतीनला सापडला तरी चार दहाची गाडी मिळते."

ताई तिच्यामागे स्वयंपाकघरात गेल्या. वीणाने दार लोटलं आणि तिचा बांध फुटला.

"सहा महिन्यांपूर्वी आली ही स्वप्ना! चार वर्षं अबेनाला जपानी कोणी शिकवलं? तिच्या बाळंतपणात दवाखान्यात कोण बसलं? आणि अर्जात काय, तर 'विशेष सहकार्य : स्वप्ना'! माझं नावसुद्धा नाही. जळते मी, ताई. खोटं कशाला बोलू?"

"नाव कधी वाचलंस?"

"आल्या आल्या. चौथं पान टेबलावरच होतं."

ताईंनी चहा संपवला. मग तिघींना टेबलाशी बसवलं आणि खिशातला टिश्यू काढला.

"वीणा, टिकली चिकटवणारी बाई भांगाशी कुंकू कशाला पुसेल?"

वीणाचा हात डोक्याकडे गेला. त्याआधीच ताईंनी टिश्यू तिच्या केसांवरून फिरवला. लाल डाग तेलकट पसरला.

"कुंकू कोरडं असतं, टिश्यूवर भुकटी येते. ही शिक्क्याची शाई. हळदीकुंकवाला बोटावर उरलेलं कुंकू आपण केसांना पुसतो ना? लहानपणापासूनची सवय. ओला शिक्का उचललास, बोट लाल झालं, हात आपोआप वर गेला. स्वप्नाचं बोट लालच आहे, पण तिने शिक्का मारल्याचं स्वतःहून सांगितलं. तू म्हणालीस, पाहिलाच नाही. पण चौथं पान वाचलंस, आणि शिक्का त्याच टेबलावर होता."

वीणा कपबशा ट्रेमध्ये गोळा करू लागली.

"आणि चार दहाची गाडी. सगळ्या रडत असताना सापडण्याची वेळ तुला कशी ठाऊक? तुला अर्ज बुडवायचा नव्हता. शिक्का तूच शोधून काढणार होतीस."

वीणा उठली. दाराशी चपलांच्या कपाटात मुलांचे गमबूट होते. पिवळ्या गमबुटातून तिने शिक्का काढला.

"एकदा तरी अबेनाने म्हणावं, वीणा नसती तर काय झालं असतं," ती म्हणाली. मराठीत म्हणाली आणि मग तेच जपानीत.

अबेनाने शिक्का घेतला नाही. आत जाऊन पाचवं पान आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं. पदाधिकाऱ्यांची यादी होती. उपप्रमुख : वीणा.

"प्रमुख आमच्यातलीच हवी, हा नियम," अबेना म्हणाली. "उपप्रमुख बाहेरची चालावी म्हणून मी तीनदा प्रतिष्ठानात गेले. त्यांना सांगितलं, ती बाहेरची नाही. दुपारी जेवताना तुला दाखवणार होते."

वीणा रडू लागली. "अबेना, माफ कर. मला कळलं नाही गं."

"मुलं माझ्या भरवशावर येतात, वीणा. ती तुझ्या रागालोभावर कशी सोडू?"

तिने पट्टी घेतली आणि वीणाच्या नावावर दोन आडव्या रेघा मारल्या. वर एका नायजेरियन आईचं नाव लिहिलं. दुरुस्तीवर शिक्का मारावा लागतो, नाहीतर ती धरत नाहीत. अबेनाने हात पुढे केला आणि वीणाने आपल्या हाताने शिक्का तिला दिला.

एक ठसा रेघांवर, एक खाली. स्वप्नाने पानं पाकिटात घातली आणि दोघी बाराच्या गाडीसाठी निघाल्या. जिन्यावरून अबेना थांबून म्हणाली, "शनिवारी वर्ग दहाला आहे." कोणाला म्हणाली, ते तिने सांगितलं नाही.

वीणाचं बोट पुन्हा लाल झालं होतं. सवयीने ते केसांकडे निघालं आणि मधेच थांबलं. ताईंनी उरलेला टिश्यू तिच्यापुढे सरकवला.